आधी जाहिरात, मग प्रवेश

केंद्रीय न्यायसहायक प्रयोगशाळांमध्ये वैज्ञानिक अधिकाऱ्यांच्या जागा निघाल्या की संघ लोकसेवा आयोगाची जाहिरात येते. रसायन विभागातल्या पदांच्या जाहिरातीत एक वाक्य वारंवार दिसतं. रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, औषधशास्त्र किंवा फॉरेन्सिक सायन्स यांपैकी एका विषयातली पदव्युत्तर पदवी चालेल, असं आधी म्हटलेलं असतं. पुढे जोडलेलं असतं की, बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांत रसायनशास्त्र हा एक विषय घेतलेला असावा. फॉरेन्सिकच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी हे वाक्य वाचलेलं नसतं. ज्यांनी वाचलेलं असतं, त्यांतल्या अनेकांनी ते पदवी हातात पडल्यावर, नोकरीचा अर्ज भरताना वाचलेलं असतं. तोवर बी.एस्सी.ची तीन वर्षं मागे गेलेली असतात आणि ती काही परत करता येत नाहीत.

फॉरेन्सिकमध्ये मास्टर्स कुठून करावं, हा प्रश्न आज महाराष्ट्रातल्या अनेक घरांत विचारला जातो. कॉलेज कुठलं, फी किती, हॉस्टेल आहे का, प्लेसमेंट होते का, या क्रमानं चौकशी चालते. हा क्रमच उलटा आहे. आपल्याला कुठल्या टेबलावर बसायचंय, त्या टेबलासाठी सरकार किंवा कंपनी काय मागते, ते मागणं कुठल्या अभ्यासक्रमातून पुरं होतं, आणि मग ते कॉलेज कुठे आहे, असं शेवटाकडून मागे यायला हवं. या लेखात तसंच मागे मागे यायचं आहे.

एक डॉ. साळुंखे, अनेक विभाग

1998 पासून वीस वर्षं चाललेल्या आणि 2024 च्या अखेरीस पुन्हा सुरू झालेल्या ‘सीआयडी’ मालिकेनं फॉरेन्सिक हा विषय घराघरांत नेला. एसीपी प्रद्युम्न आणि त्यांचं पथक प्रेत सापडलं की डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेत येतं. साळुंखे शवविच्छेदन करतात, विष ओळखतात, डीएनए जुळवतात, गोळी कुठल्या पिस्तुलातली ते सांगतात आणि अधूनमधून एसीपींशी वादही घालतात. मालिकेसाठी हे ठीकच. पण करिअर निवडणाऱ्या मुलाच्या डोक्यात हेच चित्र बसलं तर गफलत होते.

पहिली गोष्ट अशी की, शवविच्छेदन हे डॉक्टरचं काम. त्यासाठी एमबीबीएस लागतं आणि पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. करता येतं. एम.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स करून कुणी शवविच्छेदन करू शकत नाही. समुपदेशकाकडे सर्वांत जास्त गोंधळ इथेच दिसतो. बारावीला जीवशास्त्र असलेली मुलगी ‘मला फॉरेन्सिक करायचंय’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात शवागार आहे की प्रयोगशाळा, हे आधी विचारायला हवं. शवागार असेल तर वाट ‘नीट’मधून जाते.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेच्या रचनेची. महाराष्ट्राचं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय मुंबईत कालिन्याला आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर आणि नांदेड इथे त्याच्या प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. काही जिल्ह्यांत लघुप्रयोगशाळाही आहेत. या यंत्रणेत विषशास्त्र, जीवशास्त्र व रक्तद्रव्यशास्त्र, डीएनए, सामान्य विश्लेषण व उपकरणं, दारूबंदी व उत्पादनशुल्क, भौतिकशास्त्र, शस्त्रास्त्रं, ध्वनिफीत व आवाज ओळख, सायबर, मानसशास्त्र असे वेगवेगळे विभाग चालतात. विषशास्त्रातला माणूस उद्या उठून डीएनएच्या टेबलावर बसत नाही, आणि सायबरवाल्याला रक्ताचा डाग तपासायला सांगत नाहीत. प्रत्येक विभाग मुळात एका मूळ विज्ञानावर उभा आहे. विषशास्त्राच्या पायाशी रसायनशास्त्र, डीएनएच्या पायाशी रेणवीय जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र, शस्त्रास्त्रांच्या पायाशी भौतिकशास्त्र.

तिसरी गोष्ट तर अनेक फॉरेन्सिक पदवीधरांनाही उशिरा कळते. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर हे दोन विषय अभ्यासक्रमात भरपूर शिकवले जातात, मुलांना ते आवडतातही. पण महाराष्ट्रात अंगुलिमुद्रा केंद्र आणि हस्ताक्षर तपासणी ही कामं राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे पोलीस खात्याकडे आहेत. कालिन्याच्या संचालनालयात ती शोधत बसलात तर सापडणार नाहीत. त्यांची भरती वेगळी, सेवाप्रवेश नियम वेगळे. वादग्रस्त दस्तऐवज या विषयात स्पेशलायझेशन करायचं असेल तर बँका, विमा कंपन्या, दिवाणी दावे आणि खासगी हस्ताक्षरतज्ज्ञांचा व्यवसाय या बाजूंचाही विचार आधीच करायला हवा.

सीए रिपोर्ट नावाची जुनी गोष्ट

कोर्टात आणि पोलीस ठाण्यात आजही कुणी ‘फॉरेन्सिक रिपोर्ट’ म्हणत नाही. ‘सीए आला का?’ असंच विचारतात. सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर. ब्रिटिश अमदानीत सरकारी रासायनिक परीक्षकाच्या प्रयोगशाळा मद्रास, कलकत्ता, आग्रा अशा क्रमानं सुरू झाल्या. 1870 मध्ये मुंबईतही ती आली. मुंबई सरकारचे केमिकल अॅनालायझर आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आय. बी. लायन यांचा हिंदुस्थानातल्या न्यायवैद्यकावरचा ग्रंथ पुढे अनेक वर्षं वापरात राहिला. सुरुवातीपासूनच या कामाच्या केंद्रस्थानी विष होतं, आणि विष ओळखायला रसायनशास्त्रज्ञ लागायचा. खात्याच्या भरतीच्या अटींमध्ये आजही रसायनशास्त्राला जे वजन आहे, त्याचं मूळ इथे आहे.

ते वजन आजही का टिकून आहे, हे एका बरणीमागे चालत गेलं तर कळतं. एखाद्या तालुक्यात शेतकरी दगावतो. कीटकनाशक पोटात गेल्याचा संशय आहे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हा विषय राज्यभर गाजला होता. एरवी तो गावोगाव निमूट चालू असतो. शवविच्छेदन करणारे डॉक्टर मृत्यूचं कारण राखून ठेवतात आणि व्हिसेरा काढतात. एका बरणीत जठर, त्यातला ऐवज आणि लहान आतड्याचा तुकडा. दुसरीत यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड यांचे भाग. तिसऱ्या बाटलीत रक्त. बरण्या मिठाच्या संपृक्त द्रावणानं भरतात आणि त्याच द्रावणाचा थोडा नमुना वेगळ्या बाटलीत पाठवतात. विष देहातच होतं, की परिरक्षक म्हणून टाकलेल्या मिठाच्या पाण्यातून आलं, हा प्रश्न पुढे कुणी विचारला तर उत्तर हाताशी असावं म्हणून. मग झाकणावर लाखेचं सील. त्या सीलचा ठसा कागदावर स्वतंत्र घेतात. पोलीस शिपाई पत्रासह ते सगळं प्रयोगशाळेत नेतो. तिथला कारकून बरणीवरचं सील आणि कागदावरचं नमुना सील जुळवून पाहतो. जुळलं तरच मुद्देमाल आत जातो.

आत गेल्यावर विश्लेषक ऊतींचा लगदा करतो, द्रावकानं त्यातलं विष बाहेर काढतो. पातळ थराच्या प्लेटवर ते चढवून अभिकर्मक फवारतो. रंगीत ठिपका कुठे उमटला यावरून कीटकनाशकाचा गट कळतो. मग गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री यंत्रावर त्याची खात्री करतात. महाराष्ट्रातल्या विश्लेषकांनी कीटकनाशकं ओळखणाऱ्या अशा अभिकर्मकांवर आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत शोधनिबंध लिहिले आहेत. सरकारी प्रयोगशाळेच्या रोजच्या कामातूनही संशोधन होतं, याचा हा पुरावा. एम.एस्सी.ला शोधप्रबंध कशावर करावा असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं. परदेशी पुस्तकातला विषय उचलण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातल्या सीए रिपोर्टमध्ये काय येतं ते पाहावं.

कायद्यानं दार उघडलं

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 176 च्या पोटकलम 3 प्रमाणे, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं आणि त्या कामाचं चित्रीकरण करणं बंधनकारक होणार आहे. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा दिली आहे. म्हणजे आज एम.एस्सी.ला प्रवेश घेणारा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेल, तेव्हा ही तरतूद पूर्ण जोरात लागू झालेली असेल किंवा होत आलेली असेल. खून, बलात्कार, दरोडा, मोठी फसवणूक अशा प्रत्येक ठिकाणी जाणारा माणूस लागणार. प्रयोगशाळेच्या आतला नव्हे, बाहेरचा.

त्याच वर्षी जून महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळानं 2254.43 कोटी रुपयांची राष्ट्रीय फॉरेन्सिक पायाभूत सुविधा योजना मंजूर केली. नव्या विद्यापीठ शाखा आणि नव्या केंद्रीय प्रयोगशाळा तिच्यातून उभ्या राहायच्या आहेत. दुसरीकडे, दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या ‘प्रोजेक्ट 39ए’ या गटानं देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांचा अभ्यास केला, तेव्हा मंजूर पदांपैकी सुमारे 40 टक्के रिकामी असल्याचं आढळलं होतं. कोर्टात सीए रिपोर्टची वाट पाहत तारखा पडतात, त्याचं एक कारण या आकड्यात आहे.

मग नोकऱ्या भरपूर आहेत असं समजायचं का? इथेच जपून पाऊल टाकावं. रिकामं पद म्हणजे निघालेली जाहिरात नव्हे. पद भरायला सेवाप्रवेश नियम लागतात, वित्त विभागाची मंजुरी लागते. परीक्षा होते, मग निवड यादी, आणि बरेचदा त्या यादीवर न्यायालयात याचिकाही होते. शिवाय घटनास्थळी जाणारी बरीच पदं अनेक ठिकाणी कंत्राटी आहेत. कायद्यानं मागणी निर्माण केली हे खरं. ती मागणी कायम नोकरीत कधी आणि किती बदलेल, हे प्रत्येक राज्य ठरवणार. म्हणून फक्त सरकारी नोकरीवर डोळा ठेवून दोन वर्षं आणि घरचे पैसे लावणं शहाणपणाचं नाही. हाताशी दुसरी वाट ठेवणारं मूळ विज्ञान हवंच. औषध कंपनीची गुणवत्ता प्रयोगशाळा, अन्नभेसळ तपासणी, पाणी आणि पर्यावरण चाचणी, रुग्णालयातली रेणवीय निदान प्रयोगशाळा या सगळ्यांना रसायन किंवा जीवशास्त्र पक्कं असलेला माणूस चालतो. नुसतं ‘फॉरेन्सिक’ हे लेबल त्यांना पुरत नाही.

कुठे काय शिकायला मिळतं

देशात या विषयाचं विद्यापीठीय शिक्षण मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात 1959 मध्ये सुरू झालं. आज हरिसिंह गौर केंद्रीय विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं ते हेच. पुढे पतियाळा, चंदीगड, हैदराबाद, झाशी, धारवाड इथेही विभाग उभे राहिले. यांपैकी केंद्रीय विद्यापीठांत आणि इतर काही ठिकाणी प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतात. त्या परीक्षेत फॉरेन्सिक सायन्सचा स्वतंत्र पेपर आहे.

महाराष्ट्रात मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. तिथे बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही होतं. सरकारी फी, मराठी मुलांना ओळखीचं वातावरण आणि त्याच शहरात असलेली सरकारी प्रयोगशाळा ही त्यांची जमेची बाजू. ही शेवटची गोष्ट छोटी वाटली तरी मोठी आहे. शेजारी चालू प्रयोगशाळा असेल तर तिथला अनुभवी विश्लेषक तासिकेला येऊ शकतो, इंटर्नशिपसाठी दुसऱ्या गावी खोली घेऊन राहावं लागत नाही.

सरकारी शिक्षणात सर्वांत मोठं नाव आज राष्ट्रीय फॉरेन्सिक विज्ञान विद्यापीठाचं आहे. 2009 मध्ये गांधीनगरला सुरू झालेल्या गुजरात फॉरेन्सिक विद्यापीठाचं 2020 च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेत रूपांतर झालं. दिल्लीतली 1972 पासूनची गुन्हेशास्त्र व फॉरेन्सिक संस्था त्यात विलीन झाली. गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला त्याची शाखा आहे, पुण्यात आहे, आणि नागपूर शाखेच्या कायम इमारतीची पायाभरणी 2025 च्या मे महिन्यात झाली. कोकणातल्या किंवा कोल्हापूरच्या मुलाला आता गांधीनगरपेक्षा कुर्टी जवळ पडते. या विद्यापीठात सर्वसाधारण एम.एस्सी.बरोबरच विषशास्त्र, डिजिटल फॉरेन्सिक, फॉरेन्सिक मानसशास्त्र, दंतवैद्यकीय फॉरेन्सिक असे वेगळे अभ्यासक्रम आहेत. प्रवेश बहुतांशी विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेतून. फी मात्र सरकारी महाविद्यालयापेक्षा चांगलीच जास्त. एक गोष्ट इथे तपासून घ्यावी: विद्यापीठ एकच असलं तरी सगळ्या शाखा सारख्या नाहीत. गांधीनगरची यंत्रसामग्री पाहून अर्ज करायचा आणि नव्या शाखेच्या भाड्याच्या इमारतीत दोन वर्षं काढायची, असं होऊ शकतं. अमुक अभ्यासक्रम अमुक शाखेत कधीपासून चालतो, त्याची प्रयोगशाळा त्याच आवारात आहे का, हे लेखी विचारून घ्यावं.

खासगी विद्यापीठांचा पसारा त्याहून मोठा. काही चांगली आहेत, आणि काहींनी रसायनशास्त्राच्या जुन्या वर्गाला नवी पाटी लावून दुप्पट फी ठेवली आहे. ओळखायचं कसं ते पुढे येईल.

सर्वसाधारण की स्पेशल?

बी.एस्सी. रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान करून आलेल्या मुलाला सर्वसाधारण एम.एस्सी. फॉरेन्सिक उपयोगी पडतं, कारण मूळ विषय त्याच्याकडे आधीच आहे. वर पुराव्याची, कायद्याची, घटनास्थळाची शिस्त चढते. बारावीनंतर थेट बी.एस्सी. फॉरेन्सिक केलेल्या मुलानं मात्र पुन्हा सर्वसाधारण एम.एस्सी. फॉरेन्सिक केलं, तर पाच वर्षांत त्यानं बोटांचे ठसे तीनदा शिकलेले असतात आणि कार्बनी रसायन एकदाही नीट नाही. त्यानं विषशास्त्र, विश्लेषणात्मक रसायनशास्त्र किंवा रेणवीय जीवशास्त्राकडे वळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बी.एस्सी.ला अजून एखादं वर्ष शिल्लक असेल तर ऐच्छिक विषय निवडतानाच रसायन सोडू नये.

डिजिटल फॉरेन्सिकचं गणित वेगळं. बी.सी.ए., बी.एस्सी. संगणक, अभियांत्रिकी अशा पार्श्वभूमीची मुलं तिथे टिकतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याचा एक भाग आता तज्ज्ञानं भरायचा असतो आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य नोंदवायचं असतं. मोबाइल जप्त केल्या क्षणापासून त्यातला एकही बिट बदलला नाही, हे सिद्ध करण्याची ही पद्धत. बँका, सल्लागार कंपन्या, वकिलांची कार्यालयं या सगळ्यांना असा माणूस हवा आहे. खासगी क्षेत्रात आज खऱ्या अर्थानं जागा असलेली फॉरेन्सिकची शाखा हीच. पण रसायनशास्त्राच्या पदवीधरानं फक्त मागणी आहे म्हणून इकडे उडी मारू नये.

विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी

परदेशात फॉरेन्सिकचा अभ्यास जुना आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात 1909 पासून, तर स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात 1960 च्या दशकापासून. ब्रिटनमधली एक वर्षाची एम.एस्सी. आपल्याकडच्या पालकांना मोहात पाडते. पण ब्रिटन सरकारनं आपली फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिस 2012 मध्ये बंद केली आणि इंग्लंड-वेल्समधलं काम मुख्यतः खासगी कंपन्या आणि पोलीस दलांकडे गेलं. तिथे नोकरीसाठी सुरक्षा तपासणी आणि वास्तव्याच्या अटी आड येतात. शिकायला जरूर जावं, पण तिथेच गुन्हे प्रयोगशाळेत नोकरी लागेल या हिशेबावर कर्ज काढू नये.

अमेरिकेत एक सोय आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेसशी संलग्न आयोग फॉरेन्सिक अभ्यासक्रमांना मान्यता देतो. त्या संस्थांची यादी खुली आहे. तिथल्या डीएनए विश्लेषकासाठी एफबीआयनं ठरवलेले निकष तर आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावेत. जीवरसायन, जनुकशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र या विषयांचा ठरावीक श्रेयांकांचा अभ्यास त्यात सक्तीचा आहे. पदवीच्या नावापेक्षा गुणपत्रिकेतले विषय पाहिले जातात. दिल्लीच्या जाहिरातीतली रसायनशास्त्राची अट आणि वॉशिंग्टनचा हा निकष यांचा रोख एकाच दिशेला आहे.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात

फॉरेन्सिक तज्ज्ञाचं काम प्रयोगशाळेत संपत नाही, कोर्टात संपतं. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 293 मधल्या अशा तज्ज्ञांच्या यादीत मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचाही उल्लेख होता. पण न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकतं, आणि बोलावलं की बचाव पक्षाचे वकील समोर असतात.

2010 मध्ये ठाणे जिल्ह्यात एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. खालच्या न्यायालयानं आरोपीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची सुटका केली. डीएनए अहवाल अभियोग पक्षाच्या बाजूनं होता. तरी नमुने कुणी, कसे घेतले, ते पाठवायला उशीर का झाला, मधल्या काळात ते कसे राखले, याचा धड हिशेब लागत नव्हता. त्याआधी 2022 मध्ये दिल्लीतल्या छावला इथल्या तरुणीच्या अत्याचार-खून प्रकरणात फाशीची शिक्षा झालेले तिघं सुटले. तिथेही फेब्रुवारी 2012 च्या मध्याला घेतलेले नमुने महिनाअखेरपर्यंत पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते. यंत्रातून निघालेलं उत्तर अभियोग पक्षाच्या बाजूनं असूनही काही उपयोग झाला नाही, कारण नमुन्याच्या प्रवासाची साखळी तुटली होती.

उलट्या बाजूची चूकही घडते. 2004 च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एफबीआयच्या तज्ज्ञांनी एका ठशावरून अमेरिकेतल्या एका वकिलाला अटक करवली. ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. 2009 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालानं दाताच्या चाव्याच्या खुणा, केसांची तुलना अशा अनेक पद्धतींच्या वैज्ञानिक पायाबद्दल गंभीर प्रश्न उपस्थित केले. आपल्याकडे 2012 च्या दिल्ली बलात्कार प्रकरणात चाव्याच्या खुणांचं विश्लेषण धारवाडच्या दंतवैद्यकीय तज्ज्ञानं केलं होतं आणि न्यायालयानं इतर पुराव्यांसोबत ते विचारात घेतलं. अशा पद्धतीची ताकद किती आणि मर्यादा कुठे, हे दोन्ही सांगता येणारा तज्ज्ञ घडवणं हे अभ्यासक्रमाचं खरं काम. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सक्तीची नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली, तरी काही ठिकाणी ती अजून चमत्कारासारखी शिकवली जाते. अशा वर्गातून बाहेर पडलेला तज्ज्ञ उलटतपासणीत दहा मिनिटं टिकणार नाही.

कॉलेज पाहायला गेल्यावर

माहितीपत्रकात यंत्रांची छायाचित्रं सगळेच छापतात. म्हणून कॉलेजात गेल्यावर यंत्र पाहू नका, यंत्राची लॉगबुक मागा. गॅस क्रोमॅटोग्राफवर शेवटचा नमुना कधी चालला, कुणी चालवला, विद्यार्थ्याचं नाव आहे का, हे एका पानावर दिसतं. धूळ खाणाऱ्या यंत्राची लॉगबुकही कोरी असते.

साधी चाचणी कशी शिकवतात तेही विचारा. रक्ताच्या डागाची कॅसल-मेयर चाचणी घ्या. गाळणकागद डागावर घासायचा. त्यावर अल्कोहोलचा थेंब, मग रंगहीन केलेल्या फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकून थांबायचं. रंग येता कामा नये. आता हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. काही सेकंदांत गुलाबी झाला तर रक्त असण्याची शक्यता. पेरॉक्साइड टाकण्याआधीच गुलाबी झाला तर डागात दुसरंच काहीतरी आहे आणि चाचणी बाद. काही भाज्यांच्या रसानंही पेरॉक्साइडनंतर गुलाबी रंग येतो. आणि रक्त असलं तरी ते माणसाचं की बोकडाचं, हे ही चाचणी सांगत नाही. सुमार वर्गात सर पुढे उभे राहून एकदा गुलाबी करून दाखवतात आणि मुलं वहीत लिहून घेतात. चांगल्या वर्गात प्रत्येकाला पाच अनोळखी डाग मिळतात: रक्त, गंज, भाजीचा रस, ब्लीच, रंग. मग त्याचा अहवाल लिहायचा आणि शेवटी सहकाऱ्यानं वकील होऊन त्यावर प्रश्न विचारायचे. या दोन वर्गांची पदवी कागदावर एकच असते.

आणखी काही प्रश्न. शिकवणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम केलेले किती? संख्याशास्त्राचा पूर्ण पेपर आहे की एका प्रकरणात आटोपलाय? अभिरूप न्यायालय होतं का, त्याला कायद्याचे प्राध्यापक येतात का? इंटर्नशिप सरकारी किंवा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते का, आणि तिथे मुलांना काम देतात की नुसत्या फायली? मागच्या तीन तुकड्यांतली मुलं आज काय करतायत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजकडून घेऊ नका. माजी विद्यार्थी गाठा आणि त्यांनाच विचारा.

कामाचं स्वरूपही आधी समजून घ्यावं. जीवशास्त्र विभागात पॉक्सोखालच्या प्रकरणांचे कपडे तपासावे लागतात. विष विभागात कुजलेल्या ऊतींचा वास असतो. घटनास्थळी जाणाऱ्याला रात्री दोनला फोन येतो. दारूबंदी विभागात त्याच त्या नमुन्यांच्या रांगा असतात. यातलं कुठलंही काम मालिकेत दाखवत नाहीत, पण खातं चालतं ते याच कामावर. हे सगळं ऐकूनही ज्याला जावंसं वाटतं, त्यानं खुशाल जावं. या क्षेत्राला तशाच माणसांची गरज आहे.

सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात. दिवाळीच्या सुटीनंतर हाताशी काही आठवडेच उरतात. त्या वेळात फॉरेन्सिकच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकानं संघ लोकसेवा आयोग, महाराष्ट्र लोकसेवा आयोग आणि न्यायसहायक प्रयोगशाळा संचालनालय यांच्या मागच्या भरतीच्या जाहिराती उतरवून घ्याव्यात. त्यातला शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद आपल्या गुणपत्रिकेशेजारी ठेवून ओळीनं वाचावा. जिथे मेळ बसत नाही तिथे पेन्सिलनं खूण करावी. ती खूण पुसून टाकील तो आपला अभ्यासक्रम, आणि तो शिकवणारं कॉलेज ते आपलं कॉलेज. बाकी सगळ्या क्रमवाऱ्या त्यानंतर पाहाव्यात.